सहावं कार्ड

४ ऑगस्ट

माऊ,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच ठेवून देशील, हे धरूनच लिहायला बसले आहे. पत्ता तुझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस. मी तिच्या दुकानात दोन तास ठाण मांडून बसले. माझं तोंड सुरू झालं की गिऱ्हाईक टिकत नाही हे तिच्या ध्यानात आलं, तेव्हा कुठे तिनं कागदावर लिहून दिला. फोन नंबर मात्र दिला नाही. म्हणाली, तेवढा शब्द दिलाय तिला.

तेव्हा आढेवेढे घेत नाही. तुझ्या बाबांना कॅन्सर झाला आहे. घशाचा, नेमकं सांगायचं तर स्वरयंत्राचा.

आवाज बसून सात महिने झाले. फरशी कापताना धूळ जाते म्हणून बसला असेल, असं दादा म्हणत राहिला आणि मीही मान डोलावत राहिले. मी, जी रोज कॅन्सरच्या इस्पितळात पेशंटना उपचार समजावत बसते. शेजारच्या पोरी त्याला 'घोगरे काका' म्हणायला लागल्या, तेव्हा आम्ही दोघं हसलोसुद्धा. मग एक दिवस जिना चढताना त्याच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तेव्हा मी त्याला दंडाला धरून नेलं.

डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले आहेत. एक, ऑपरेशन करून स्वरयंत्र काढायचं. रोग मुळासकट जाण्याची आशा जास्त, पण आवाज कायमचा जाणार आणि गळ्याला पुढून भोक राहणार, श्वास तिथूनच घ्यायचा. दुसरा, सात आठवडे किरणं आणि सोबत औषधं. आवाज बहुतेक राहतो, पण रोग उलटण्याची भीती जास्त, आणि उलटला की ऑपरेशन चुकत नाही, तेही जास्त अवघड. डॉक्टरांचा कल पहिल्याकडे आहे. पण ते म्हणाले, "दुसराही चुकीचा नाही. पेशंटनं ठरवायचं." ठरवायला पंधरा दिवस दिलेत.

पेशंटनं ठरवायचं म्हणजे माझ्या खोलीत येऊन ठरवायचं. तू पाहिलीस तेव्हा त्या खोलीत एक टेबल आणि कुरकुरणारा पंखा होता. पंखा तोच आहे, पण आता कार्डं आली आहेत. वाचता न येणाऱ्यांसाठी नऊ जाड कार्डं, एकही अक्षर नाही, नुसती चित्रं. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला शेजारी बसवून मी ती काढून घेतली. मी सांगत गेले, तो काढत गेला. एका कार्डावर शंभर माणसं आहेत, त्यातली काही काळी केलेली, म्हणजे ज्यांचा रोग उलटतो ती. मागे एका आजीनं ते बराच वेळ न्याहाळलं आणि विचारलं, "यातली मी कुठली, बाई?"

नियम एकच. समजलं का, असं विचारायचं नाही, कारण तसं विचारलं की सगळे हो म्हणतात. "आता तुम्ही मला सांगा, घरी गेल्यावर काय सांगाल," असं विचारायचं. पेशंटनं आपल्या तोंडानं सांगितलं की मी संमतीच्या कागदावर खूण करते. माझी खूण असली की डॉक्टर पुन्हा विचारत बसत नाहीत.

तू घर सोडून गेलीस त्या दिवशी जिन्यात म्हणाली होतीस, "आत्या, तू अख्ख्या जगाला समजावतेस आणि माझ्या आईला अल्सर म्हणून सांगितलंस." दादा तेव्हा खाली मान घालून उभा होता. तोही त्यात होता, पण पुढाकार माझा होता. वहिनी जाईपर्यंत सहा महिने पथ्य करत राहिली. कॅन्सर आहे आणि त्यावर उपचाराचाही रस्ता आहे, हे तिला कोणी सांगितलंच नाही. त्याबद्दल मी माफी मागत नाही, कारण ती माझ्या तोंडी शोभणार नाही. या वेळी सगळं नियमानं करणार आहे, एवढंच कळवते.

तुझी आत्या


१२ ऑगस्ट

माऊ,

आठ दिवस झाले, उत्तर नाही. मी अपेक्षाही केली नव्हती (केली होती).

काल दादा माझ्या खोलीत आला. पेशंट म्हणून. बाहेरच्या बाकावर नंबर लावून बसला, मी हाक मारली तेव्हा उठला, आणि आत येऊन मला "नमस्कार, बाई" म्हणाला. मी म्हटलं, नाटकं बंद कर. तर म्हणे, "सगळ्यांना जे, तेच मला. उगाच कोणी बोट दाखवायला नको."

तो शाळेत गेला नाही हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, बाहेर कोणाला नाही. मला शाळेत घालायचं म्हणून तो नवव्या वर्षी फरशीवाल्याच्या हाताखाली गेला. सही तो चित्र काढल्यासारखी काढतो, तेवढ्यावर इतकी वर्षं निभावली. फॉर्मवर शिक्षणाच्या रकान्यात त्यानं मला चौथी लिहायला लावलं. "ती डॉक्टर केवढीशी पोर, तिच्यासमोर कशाला शोभा," म्हणाला. लिहिलं.

ती केवढीशी पोर, नवी डॉक्टर, शिकायला म्हणून मागे उभी होती. मी एकेक कार्ड ठेवत गेले. दोन्ही रस्ते सांगितले, दोन्हींचे फायदे-तोटे सांगितले. मग म्हटलं, आता तुम्ही सांगा.

माऊ, त्यानं सांगितलं. हात मांडीवर ठेवून, माझ्याकडे बघत, त्या खरखरीत आवाजात. "स्वरयंत्र काढतील. मग आवाज राहणार नाही. श्वास गळ्याच्या भोकातून घ्यायचा. त्यावर पातळ फडकं ठेवायचं, अंघोळ करताना आत पाणी जाऊ द्यायचं नाही. जे सांगायचं ते पाटीवर लिहून सांगायचं. पुढे यंत्रानं बोलायला शिकवतात, काहींना जमतं, काहींना जमत नाही." मग किरणांचंही तसंच सगळं. एक शब्द गळाला नाही. ती पोर म्हणाली, "काका, आमच्या वर्गात निम्म्यांना असं सांगता आलं नसतं." तो इतका लाजला की कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

लहानपणी मी धडे घोकायचे तेव्हा तो बाजूला बसून हाताच्या भेगांना तेल लावायचा. माझं अडलं की पुढची ओळ तो सांगायचा. त्याचीच आठवण झाली.

शेवटी तो म्हणाला, "ऑपरेशन करू." आपणहून म्हणाला. मी खूण केली. घरी आल्यावर पहिल्यांदा वाटलं, की तुला तोंड दाखवायला आता हरकत नाही.

ऑपरेशन २५ तारखेला आहे.

आत्या


१९ ऑगस्ट

माऊ,

हे पत्र तरी उघड.

आज एक इस्त्रीवाले काका आले होते. ऑपरेशनला दोन महिने झालेत, तेच ऑपरेशन. सोबत बायको. काका खुर्चीवर बसायच्या आधीच पिशवीतून पाटी काढून माझ्यासमोर लिहायला लागले. जोर लावून लिहीत होते, पेन्सिल करकर वाजत होती. पाटी माझ्यापुढे धरली. नुसत्या उभ्या रेघा होत्या. त्यांनी मनगटानं पुसलं आणि पुन्हा रेघा ओढल्या, या वेळी जास्त दाट, जणू पहिल्यांदा मला नीट दिसल्या नसतील. मी काहीच बोलत नाही म्हटल्यावर त्यांनी पाटी टेबलावर आपटली.

त्यांची बायको म्हणाली, "घरी पण असंच करतात, बाई. त्यांना लिहिता येत नाही, मला वाचता येत नाही. पण तुम्ही पाटी घ्या म्हणाला होतात, म्हणून घेतली. चांगली लाकडी चौकटीची घेतली."

ते गेल्यावर मी कार्डं काढली. सहावं कार्ड. ऑपरेशननंतरचा माणूस पलंगावर बसलाय, गळ्याला फडकं, हातात पाटी, आणि तो लिहितोय. पेंटरनं त्याच्या चेहऱ्यावर हसूसुद्धा काढलंय. मीच सांगितलं होतं, जरा आनंदी काढ म्हणून. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी केलेलं कार्ड, आणि त्यात माणूस लिहितोय. तीन वर्षं मी ते रोज टेबलावर ठेवते. बरं यंत्राचं म्हणावं, तर ते शिकवणारी बाई महिन्यातून एकदा येते, तिच्यासाठी केवढी रांग.

मी वही काढून मोजले. चौदा जण. लिहिता न येणारे चौदा जण माझ्यासमोर बसून म्हणाले, "पाटीवर लिहून सांगायचं," आणि चौदा वेळा मी खूण केली. एकानंही म्हटलं नाही की बाई, मला कुठे लिहिता येतं. कसं म्हणतील, मी इतक्या कौतुकानं मान डोलावत होते. पंधरावा माझा सख्खा भाऊ. तो ते वाक्य बोलला तेव्हा मला ते खटकलंसुद्धा नाही. मी फक्त वाक्य बरोबर येतंय ना, हे ऐकत होते.

घरी आले तर तो फरशीकामाची थापी आणि ओळंबा पुसून पिशवीत भरत होता. मी विचारलं, "दादा, तू पाटीवर काय लिहिणार होतास?"

तो हसला. "ते तुझ्या चित्रात होतं म्हणून म्हटलं. का, चुकलं का काही? ती डॉक्टर पोर तर खूश झाली."

मग मी त्याला समोर बसवलं आणि कार्डांशिवाय, आपल्या रोजच्या भाषेत सगळं पुन्हा स्वच्छ सांगितलं. ऐकून म्हणाला, "बरं." मी म्हटलं, किरणांचा रस्ता अजून मोकळा आहे, तुला काय वाटतं? तर म्हणाला, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, मला काय वाटतं त्याचा प्रश्नच नाही. तो म्हणाला, "असं कसं? एवढी शिकलीस ते कशासाठी?" चाळीस वर्षं त्यानं कुठल्याही कागदावर मला विचारूनच सही केली. आज मी त्याला म्हणतेय, तूच ठरव. त्याला वाटतंय, मी अंग काढून घेतेय.

माऊ, सहा दिवस आहेत. तू फोन कर त्याला. त्याचा नंबर तोच आहे. मी त्याला म्हटलं, मी जाऊन तुझा नंबर घेऊन येते, तूच लाव. तर नको म्हणाला. "आत्ता नको, नंतर बोलेन." त्याचा अहंकार तुला माहीत आहे, तुझ्यात तोच उतरलाय. पण हे नंतर वगैरे काही नाही. तुला त्याच्याकडून जे काही ऐकायचं असेल, भांडायचंसुद्धा असेल, ते या सहा दिवसांत.

आत्या


२८ ऑगस्ट

माऊ,

ऑपरेशन झालं. चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, कडा साफ आहेत, म्हणजे दिसत होता तेवढा रोग सगळा निघाला. तो शुद्धीवर आहे, नळीनं खाणं चाललंय. कळवायचं ते एवढंच होतं. पण मी तुला खोटं लिहिलं आहे. ते दुरुस्त केल्याशिवाय मला दुसरं काही लिहिता येणार नाही.

पहिलं, तो "ऑपरेशन करू" हे आपणहून म्हणाला नव्हता. माझ्या खोलीत यायच्या आदल्या दिवशी जेवताना मी त्याला म्हटलं होतं, "दादा, मला विचारशील तर ऑपरेशनच कर." त्यानं विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो कार्डांकडे बघतच नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता, कुठल्या कार्डाला माझा चेहरा कसा होतो ते. मी ते बघितलं होतं.

दुसरं, १९ तारखेला मी लिहिलं की सगळं स्वच्छ सांगितलं. स्वच्छ नाही सांगितलं. पाटीचं बोलले, भोकाचं बोलले. आवाजापाशी आले आणि म्हणाले, "आवाजाला जरा वेळ लागेल." तो म्हणाला, "बरं." म्हणजे वहिनीला जे केलं तेच. फक्त या वेळी नऊ कार्डं आणि एक खूण मधे होती. मला भीती वाटली. कायमचा जाणार म्हटलं तर तो नाही म्हणेल, किरणं घेईल, आणि रोग उलटला तर मी काय करू? त्याच्या श्वासाची ती शिट्टी पलीकडच्या खोलीपर्यंत यायची. मला तो जिवंत हवा होता, मुका तर मुका. हे ठरवायचा हक्क घरच्यांचा नसतो, असं मी रोज दहा घरांतल्या माणसांना बजावते, काहींना तर दटावते.

आता २५ तारीख. त्याला ढकलगाडीवर आडवं करून नेलं, मी सोबत चालत होते. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापाशी गाडी थांबली, आत जागा करत होते. दोन-तीन मिनिटं असतील. मला काय वाटलं कोण जाणे, सवयीनं असेल, मी विचारलं, "दादा, आता तू सांग, काय होणार आहे? माझे शब्द नकोत. तुझ्या शब्दांत."

त्यानं विचार केला. पहिल्यांदाच विचार करून बोलला, म्हणून मला कळलं की हे पाठ केलेलं नाही. म्हणाला, "मला झोपवतील. घशातली घाण काढतील. घसा मोकळा झाला की माऊला फोन लावू. या घोगऱ्या आवाजात नको वाटतं गं, पोर घाबरेल. चार वर्षांनी बाप बोलतोय आणि तोही असा."

माझा हात गाडीच्या दांडीवर होता. एवढंच म्हणायचं होतं, की थांबा. माझ्या एका शब्दावर गाडी थांबली असती, माझं तिथे तेवढं चालतं. त्याला खरं सांगितलं असतं तर तो कदाचित तरीही आत गेला असता. कदाचित आधी तुला फोन लावला असता, घोगरा तर घोगरा. ते आता कळायचा मार्ग नाही. दार उघडलं. मी दांडीवरचा हात काढून घेतला आणि म्हटलं, "हो, लावू."

आता तो रोज सकाळी मी गेले की गळ्याकडे बोट दाखवतो आणि बोटं उघडून मिटून विचारतो, किती दिवस? मी त्याची चादर नीट करते. डॉक्टरांना म्हटलं, तुम्ही सांगा. ते म्हणाले, "त्यांना तर माहीत आहे ना? तुमची खूण आहे कागदावर."

हे वाचून तू मला जे म्हणशील ते मी आधीच स्वतःला म्हटलं आहे. तरी तू म्हण. पण इथे येऊन म्हण.

आत्या


३ सप्टेंबर

माऊ,

हे साध्या कार्डावर लिहिते, म्हणजे उघडायचा प्रश्न नाही. पोस्टमन वाचेल, तुझी घरमालकीण वाचेल, वाचू देत.

काल दुपारी तू फोन केलास. यावरून कळलं की माझी पत्रं तू उघडलेली नाहीस, फार तर पहिलं वाचलं असशील. मी पाणी आणायला गेले होते. परत आले तर फोन त्यानं कानाला लावलेला आणि तुझा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. "बाबा, मी माऊ. बोला ना." मग थोड्या वेळानं, "अजून राग गेला नाही ना? ठीक आहे. नका बोलू." आणि ठेवलास.

मी लगेच उलटा फोन लावला, तर तो तुझ्या कचेरीचा निघाला. तिथली बाई म्हणाली, ती आत्ताच निघाली, काय निरोप देऊ? मला तो परक्या बाईला सांगता आला नाही. आज पुन्हा लावला, तर तू फोनवर यायला नाही म्हणालीस.

म्हणून इथे लिहिते. तुझ्या बाबांचं ऑपरेशन झालं आहे आणि त्यांचा आवाज कायमचा गेला आहे. हे त्यांना काल तुझा फोन आला तेव्हा कळलं, त्याआधी नाही. ते गप्प बसले नव्हते. मी दारातून बघत होते, ते बोलत होते. तुझं नाव घेतलं, मग बरंच काही बोलले, आणि तू फोन ठेवल्यावरही बोलत राहिले.

आत्या